डिझेल नावाचा माणूस

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात इंधनांचा पाठ चालू होता. कच्च्या तेलापासून पेट्रोल, डिझेल, रॉकेल मिळतं, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग मी सहज विचारलं की डिझेल या शब्दाचा अर्थ काय. कुणी म्हणालं कंपनीचं नाव, कुणी म्हणालं अरबी शब्द. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला की डिझेल म्हणजे ज्याला प्लग नसतो ते इंजिन. त्याच्या वडिलांचं हायवेला लागून गॅरेज आहे. जुन्या ट्रकांची इंजिनं ते खोलतात. उत्तर पुस्तकातलं नव्हतं, पण वर्गातल्या सगळ्या उत्तरांत खऱ्याच्या सर्वांत जवळ तेच होतं.

डिझेल हे एका माणसाचं आडनाव. रुडॉल्फ डिझेल. आपल्या भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं ज्या इंजिनावर येतं, ते त्याच्या डोक्यातून निघालं. हे त्याचं चरित्र वर्गात सांगता येईल अशा बेताने लिहिलं आहे. तारखा पाठ करून घेऊ नका, एवढी विनंती.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. वडील थिओडोर पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू करण्याचा धंदा करायचे. घरातच कारखाना, घरातच दुकान. पोराला शाळेतून आल्यावर तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवावा लागे. वडील कडक होते. मुलाने घरातलं घड्याळ खोललं आणि त्याला ते परत जोडता आलं नाही, तेव्हा शिक्षा म्हणून त्याला जड फर्निचरला बांधून घरचे फिरायला निघून गेले, असं चरित्रकार सांगतात. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असं एखादं खोललेलं घड्याळ किंवा रेडिओ असेल, आणि त्यावरून बसलेला मारही असेल!

पॅरिसमध्ये यंत्रांचं एक मोठं संग्रहालय होतं, आजही आहे. तिथे क्यूनोची वाफेवर चालणारी तीन चाकी गाडी ठेवलेली होती, अठराव्या शतकातली. तोफा ओढण्यासाठी केलेलं ते बोजड धूड. रुडॉल्फला या संग्रहालयाचा नादच लागला होता. तिथली यंत्रं तो तासन्‌तास बघायचा आणि त्यांची चित्रं काढायचा.

1870 साली फ्रान्स आणि जर्मनांमध्ये युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब धंदा टाकून लंडनला गेलं. तिथे हाल. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईने एकट्याला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. हे काका, क्रिस्टॉफ बार्निकेल, तिथल्या व्यवसाय शाळेत गणित शिकवत. मला या चरित्रातली ही जागा फार महत्त्वाची वाटते. युद्धाने घर मोडलं, पण मुलगा जाऊन पडला तो एका गणित शिक्षकाच्या घरात. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकलं की मी इंजिनियर होणार. शाळेत तो पहिला आला. पुढे 1875 मध्ये म्युनिकच्या पॉलिटेक्निकने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली.

आईवडिलांना ते नको होतं. पोरगा सतरा वर्षांचा झाला, आता कामाला लागावा, घराला चार पैसे यावेत, अशी त्यांची अपेक्षा. ती चूक होती असं मी तरी म्हणणार नाही, परिस्थितीच तशी होती. रुडॉल्फने त्यांचं न ऐकता शिष्यवृत्ती घेतली. आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील पालकसभेत मला सांगून गेले आहेत की दहावी झाली की याला गॅरेजला घेणार. इंजिनाच्या फिटिंगला हात हलका लागतो आणि मुलाचा हात हलका आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना अजून काही उत्तर दिलेलं नाही.

म्युनिकला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक होते. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांसाठी पुढे जगभर गाजलेले तेच लिंडे. उष्णतेचा विषय ते शिकवत. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी किती कामाला लावतं याचा हिशोब त्यांनी वर्गात मांडला. जेमतेम सहा ते दहा टक्के. म्हणजे शंभर टोपल्या कोळसा जाळायचा आणि नव्वदांहून जास्त टोपल्यांची उष्णता धुरांड्यातून, वाफेतून, गरम लोखंडातून नुसती वाया घालवायची. वर्गातल्या बाकी मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असणार. रुडॉल्फच्या डोक्यातून ते पुढची पंधरा वर्षं गेलं नाही. यापेक्षा चांगलं इंजिन का होऊ नये, हा एकच प्रश्न.

1879 मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळीच त्याला विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत तो स्वित्झर्लंडमध्ये झुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात काम शिकला, आणि जानेवारी 1880 मध्ये अव्वल गुणांनी पास झाला. मग दहाएक वर्षं पॅरिसला लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या कामावर. 1883 मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. पगार बरा होता, पण संध्याकाळ आपल्या इंजिनाची. आधी त्याने अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा प्रयत्न केला. त्यात वर्षं गेली आणि हाती काही लागलं नाही.

आता इंजिनाची कल्पना नीट समजून घेऊ. हे वर्गात करून दाखवता येतं. सायकलचा पंप घ्या, पुढचं तोंड बोटाने दाबून धरा आणि भराभर दांडा मारा. पंपाची नळी तोंडापाशी गरम लागते. हवा दाबली की तापते, एवढंच. आग्नेय आशियात लोक याच तत्त्वावर विस्तव पेटवत. एक पोकळ नळी, तिच्यात घट्ट बसणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला थोडा कापूस. दांडा झटक्यात खाली मारला की आतली हवा इतकी तापते की कापूस पेट घेतो. हे साधन डिझेलने विद्यार्थीदशेत पाहिलं होतं, असं सांगतात.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत जातात, आणि प्लगच्या ठिणगीने ते मिश्रण पेटतं. डिझेलने वेगळा विचार केला. आत नुसती हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की ती स्वतःच लाल निखाऱ्यासारखी तापेल. मग अगदी शेवटच्या क्षणी त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको. हवा जितकी जास्त दाबाल तितकी उष्णता जास्त कामाला येते. मिस्त्री लोक जुन्या इंजिनाला कान लावून कंप्रेशन गेलं असं म्हणतात ना, त्याचा अर्थ हाच. रिंगा झिजल्या, लायनरला चरे पडले, की दाबलेली हवा बाजूने निसटते, पुरेशी तापत नाही, आणि सकाळच्या थंडीत ट्रक सुरू व्हायला कुरकुर करतो.

27 फेब्रुवारी 1892 रोजी त्याने बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, आणि त्याने आपल्या सिद्धांतावर छोटं पुस्तकही छापलं. कागदावर गणित मोठं देखणं होतं, पण अतिरेकी. त्यात त्याने 250 वातावरणांइतक्या दाबाची भाषा केली होती. त्या काळच्या लोखंडात ते शक्यच नव्हतं. शिवाय ज्या पद्धतीने इंधन जळेल असं त्याने आधी मांडलं, तसं चालणारं इंजिन स्वतःला फिरवण्यापलीकडे फारसं काम देऊ शकलं नसतं. हे त्याला नंतर उमगलं आणि त्याने गुपचूप दिशा बदलली, दुसरं पेटंट घेतलं. विरोधकांनी पुढे आयुष्यभर हीच गोष्ट त्याच्यावर धरली, की पेटंट एका गोष्टीचं आणि बनवलेलं इंजिन दुसरंच. माझं मत विचाराल तर चुकीच्या उत्तरापासून बरोबर उत्तरापर्यंत चालत जाणं ही काही फसवणूक नाही. पण चूक झाली होती हे त्याने उघडपणे मान्य केलं असतं, तर कदाचित त्याला कमी त्रास झाला असता.

आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना (हाच पुढे मान म्हणून ओळखला गेला) आणि क्रुप यांनी पैसा लावायचं ठरवलं. कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी आधी नकार देऊन मग होकार दिला, आणि एकदा होकार दिल्यावर चार वर्षं धीर सोडला नाही. पहिलं इंजिन माणसाहून उंच, एकाच सिलिंडरचं. 10 ऑगस्ट 1893 ला ते कारखान्याच्या पट्ट्याने बाहेरून फिरवलं आणि आत इंधन सोडलं. मोठा धडाका झाला, दाब मोजायच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. कुणाला लागलं नाही हे नशीब. डिझेलला मात्र एवढंच दिसलं की पेटलं! ठिणगीशिवाय पेटलं.

नंतर सुधारलेलं इंजिन 17 फेब्रुवारी 1894 ला चाचणीवर होतं. या दिवसाची एक गोष्ट सांगतात. डिझेल वरच्या बाजूला कामात होता. खाली फिरवणाऱ्या पट्ट्याकडे बघत उभ्या असलेल्या एका कामगाराच्या लक्षात आलं की पट्ट्याचा ताण उलट बाजूला गेला. म्हणजे आता कारखाना इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन कारखान्याला ओढत होतं. त्या कामगाराने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. ते बघून डिझेलला कळलं. साधारण मिनिटभर, 88 फेरे. बस्स, एवढंच. पण ते स्वतःच्या ताकदीवर.

त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. इंधन आत सोडायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. आत एवढा दाब, त्याविरुद्ध तेलाचा बारीक फवारा मारायचा तर त्याहून जास्त दाब हवा. इतक्या अचूक मापाचा पंप त्या काळी होत नव्हता. म्हणून वेगळा कॉम्प्रेसर लावून दाबलेल्या हवेच्या झोताने तेल फुंकून आत घालायची पद्धत आली. ती चालली, पण तो कॉम्प्रेसरच एवढा मोठा की इंजिनाशेजारी दुसरं इंजिन बसवल्यासारखं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ट्रकच्या वेळी परत लागेल.

17 फेब्रुवारी 1897 ला प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे 20 अश्वशक्ती, आणि इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के कामात. लिंडेंच्या फळ्यावरचे सहा ते दहा टक्के आठवा. ते इंजिन आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

जगभरचे कारखानदार परवाने घ्यायला धावले. अमेरिकेसाठी बिअरचा कारखानदार अडोल्फस बुश याने दहा लाख मार्क मोजले. रशियासाठी इमॅन्युएल नोबेलने हक्क घेतले. नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचा हा पुतण्या. चाळिशीच्या आत डिझेल लक्षाधीश झाला आणि म्युनिकला मोठा बंगला बांधला. पण इंजिनं अजून कच्ची होती. पहिली गिऱ्हाइकाला दिलेली मशीन केम्पटेनच्या आगपेट्यांच्या कारखान्यात गेली, तिथे तिने माणसं जेरीस आणली. बिघाडांच्या तक्रारी, पेटंटवरचे खटले आणि टीका यांत 1898 मध्ये डिझेल मनाने कोलमडला आणि त्याला उपचारांसाठी ठेवावं लागलं. डोकेदुखी पुढे कायमची मागे लागली.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पुष्कळ बघ्यांना ते कळलंही नाही. इंजिन कच्च्या तेलाला बांधलेलं नाही, हे डिझेलला पुढे फार महत्त्वाचं वाटू लागलं. खेड्यातला छोटा कारागीर, ज्याला वाफेचं अवाढव्य इंजिन परवडत नाही, त्याच्या हातात स्वस्त ताकद यावी असं त्याचं स्वप्न होतं. समाजरचनेवर त्याने 1903 मध्ये एक पुस्तकही लिहिलं. दहा हजार प्रती छापल्या, त्यातल्या काही शेच खपल्या. स्वतःच्या इंजिनापेक्षा त्याला या पुस्तकाचा अभिमान जास्त होता, यावर हसावं की वाईट वाटून घ्यावं कळत नाही.

आता ट्रक. डिझेलच्या हयातीत त्याचं इंजिन कारखान्यांत बसलं, पाणबुड्यांत बसलं, आणि 1912 मध्ये कोपनहेगनहून निघालेलं सेलांडिया हे मोठं जहाज त्यावर समुद्र ओलांडून गेलं. रस्त्यावर मात्र ते आलं नाही. 1897 च्या त्या इंजिनाचं वजन चार टनांहून जास्त होतं, आणि ताकद फक्त 20 अश्वशक्ती. ते ट्रकवर चढवलं असतं तर ट्रकने फक्त आपलं इंजिनच वाहून नेलं असतं. 1908 च्या सुमारास त्याने स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीबरोबर वाहनासाठी लहान इंजिन करून बघितलं. पण हवेचा कॉम्प्रेसर काही लहान होईना. ते तिथेच राहिलं.

पैशाचं गणितही बिघडत गेलं. जमिनीच्या व्यवहारांत आणि वाईट गुंतवणुकीत मोठी रक्कम बुडाली. बाहेरून बंगला, आतून कर्ज. घरच्यांनाही पूर्ण कल्पना नव्हती. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो ॲन्टवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तिथे कंपनीची बैठक होती. सोबतच्यांबरोबर जेवण केलं, दहाच्या सुमारास खोलीत गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवलं. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कोणी झोपलेलं नव्हतं. कोट आणि टोपी मागच्या डेकवर कठड्याजवळ नीट ठेवलेली सापडली. रोजनिशीत त्या तारखेपाशी एक छोटी फुली होती. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. चष्म्याची पेटी, गोळ्यांची डबी, चाकू. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू ओळखल्या. वय 55.

आत्महत्या, अपघात की खून, यावर तेव्हापासून वर्तमानपत्रांनी पुष्कळ तर्क केले. मुलांना हे सांगताना मी कर्जाची गोष्ट लपवत नाही, पण खुनाच्या सुरस कथा सांगत नाही. आणि वर्ग लहान असेल तर हा भाग थोडक्यात आटोपावा.

तो गेल्यानंतर दहा वर्षांत रस्ता मोकळा झाला. तो कॉम्प्रेसर इतरांनी काढून टाकला. बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनियरने 1909 मध्येच पेटंट घेतलं होतं. मुख्य सिलिंडरच्या आधी एक छोटी कोठी ठेवायची, तेल तिथे आधी पेटेल, मग ज्वाळा सिलिंडरमध्ये येतील. त्यामुळे हवेच्या झोताची गरज उरली नाही. 1923 मध्ये बेंझचा डिझेल ट्रक रस्त्यावर धावला. 1924 च्या अखेरीस मान कंपनीनेही आपला ट्रक बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. आणि 1927 पासून रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. डिझेलला जो अचूक पंप मिळाला नाही, तो हा.

आपल्याकडे ही गोष्ट 1954 मध्ये पोहोचली. टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 पर्यंत त्या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकी तारा होता. जुने ड्रायव्हर अजून टाटा-मर्सिडीज असंच म्हणतात. बॉशचा पंप आला बेंगळुरूच्या मायको कारखान्यातून, म्हणून गॅरेजात पंप म्हटलं की मायको.

वर्गात हा पाठ झाल्यावर दोन दिवसांनी त्या मुलाने एक प्रश्न आणला. वडिलांकडे एक जुना 1210 ट्रक आला होता. मालकाने दुकानातून पिस्टनचा सेट आणला, तो बसेना. दुकानदार म्हणे माल बरोबर आहे. मी काय सांगणार! पण दोघांनी मिळून आकडे बघितले. टाटांच्या त्या इंजिनांची नावं 692 आणि 697 अशी. पहिला आकडा सिलिंडरांचा, सहा. पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. 692 म्हणजे 92 चा बोअर, 697 म्हणजे 97 चा. चार सिलिंडरचं 497 आहे, त्याचाही बोअर 97. व्यास आणि 120 मिलिमीटरचा स्ट्रोक घेऊन मुलाने फळ्यावर घनफळ काढलं, πr²h, जे गणितात त्याला कधी जमत नव्हतं. गुणिले सहा. उत्तर 4786 घन सेंटिमीटर आलं, आणि 692 चा आकडा 4788 आहे हे मी त्याला दाखवलं. दोनचा फरक π च्या किमतीचा, असं त्यानेच सांगितलं. मग 3.14159 घेऊन परत केलं, तरी फरक राहिला. मी म्हटलं, मलाही कळत नाही.

दुकानदाराने 97 चा सेट दिला होता. ब्लॉक 92 चा निघाला. जुन्या इंजिनाचे पार्ट शोधताना डब्यावरचं नाव नव्हे, ब्लॉकवर ठोकलेला नंबर आधी पुसून वाचायचा, हे त्याच्या वडिलांना माहीत होतंच. घाईत मालकावर विश्वास ठेवला इतकंच. सेट बदलून मिळाला. वडील परवा शाळेत येऊन गेले, मुलाची गणिताची वही बघायला मागितली, आणि आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स किती वर्षांचा असतो ते विचारून गेले.